टस्कलूसातली पंचवीस वर्षं



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, ते ज्या कॉलेजात शिकले त्याच कॉलेजाचा जिमखाना त्यांनी निवृत्त होईपर्यंत सांभाळला. त्यामुळे या व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा विषय शोधावा लागला नाही. आपल्या मातृसंस्थेत परत जाऊन तिथेच खेळाडू घडवणाऱ्या माणसाला तिथे काय मिळतं, आणि जे मिळतं त्याचं तो काय करतो, हे मला आज बोलायचं आहे. उदाहरण लांबचं घेतलं आहे: अमेरिकेच्या दक्षिणेतलं अलाबामा राज्य, तिथलं टस्कलूसा शहर, आणि तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे १९५८ ते १९८२ अशी पंचवीस वर्षं मुख्य प्रशिक्षक असलेले पॉल ब्रायंट. त्यांना सगळे ‘बेअर’ ब्रायंट म्हणत. बेअर म्हणजे अस्वल.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. नाही सरकलात तर चेंडू समोरच्यांचा. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन. या खेळाच्या मुख्य व्यावसायिक लीगमधला एकही संघ अलाबामात नाही. सगळ्या राज्याचा जीव दोन विद्यापीठांच्या संघांत अडकलेला, अलाबामा आणि ऑबर्न. तिथला प्रशिक्षक विद्यापीठाचा नोकर असतो, खेळाडू विद्यार्थी असतात, पण त्यांच्यावरची अपेक्षा साऱ्या राज्याची असते. ब्रायंट यांच्याकडे जी ताकद आली ती कुठून आली, हे त्याशिवाय कळत नाही.

त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १९१३ चा, आर्कान्सा राज्यात, मोरो बॉटम नावाच्या वस्तीत. बारा भावंडांत अकरावे. वडील आजारी असायचे, शेत आणि घर आईच्या अंगावर. खच्चरं जुंपलेल्या गाडीत भाजीपाला भरून ती फोर्डाइस गावात दारोदार विकायला जायची आणि हा मुलगा तिच्या शेजारी बसलेला असायचा. गावातली पोरं हसायची. पुढे मोठं नाव झाल्यावरही ब्रायंट सांगत की पुन्हा त्या नांगरामागे जावं लागेल, ही भीती त्यांना आयुष्यभर पळवत राहिली. ‘बेअर’ हे नाव तेरा वर्षांचे असतानाचं. फोर्डाइसच्या थिएटरात एक माणूस अस्वल घेऊन आला होता, त्याच्याशी झुंजणाऱ्याला पैसे मिळणार होते. हा धिप्पाड पोरगा झुंजला. पैसे मात्र मिळाले नाहीत, अस्वलवाला निघून गेला होता.

१९३१ साली अलाबामाचे सहायक प्रशिक्षक हँक क्रिस्प यांनी त्यांना टस्कलूसाला आणलं. शाळेचा एक विषय राहिला होता, तो त्यांनी तिथल्या हायस्कुलात बसून पूर्ण केला. संघात ते एका बाजूच्या टोकाला खेळत, दुसऱ्या टोकाला डॉन हटसन, जो पुढे या खेळातल्या सर्वश्रेष्ठांपैकी एक गणला गेला. ब्रायंट स्वतःला ‘ते दुसरं टोक’ म्हणायचे. १९३४ चा तो संघ एकही सामना हरला नाही, आणि १ जानेवारी १९३५ ला कॅलिफोर्नियात रोझ बोलच्या सामन्यात त्यानं स्टॅनफर्डला २९-१३ असं हरवलं. त्याच वर्षी पुढच्या हंगामात पायाचं हाड मोडलेलं असताना ब्रायंट टेनेसीविरुद्ध खेळले. असं खेळणं शहाणपणाचं होतं असं मी म्हणणार नाही. पण दुखण्याकडे बघण्याची त्यांची नजर तिथे तयार झाली, आणि त्याची किंमत पुढे इतरांच्या मुलांनी मोजली.

महायुद्धातल्या नौदलातल्या नोकरीनंतर ते मुख्य प्रशिक्षक झाले. एक हंगाम मेरिलंडला, आठ केंटकीला, चार टेक्सस ए अँड एम विद्यापीठात. केंटकीच्या संघाला त्यांनी १९५० साली विभागाचं विजेतेपद मिळवून दिलं. त्याआधी तिथे ते कुणीच केलं नव्हतं. टेक्ससमधल्या एका प्रसंगावर मात्र थांबायला हवं.

सप्टेंबर १९५४. नव्या संघाला घेऊन ते जंक्शन नावाच्या आडगावी शिबिराला गेले. दुष्काळी साल, जमीन दगडी, काट्याकुट्यांची, ऊन अडतीस अंशांच्या वर. सरावात पाणी दिलं तर मुलं मऊ पडतात, अशी त्या काळची समजूत होती आणि ब्रायंटही ती पाळत. सुमारे शंभर मुलं गेली होती. रात्री अंधारात बॅगा उचलून एकेक जण निघून जाऊ लागला. दहा दिवसांनी पस्तीसच्या आसपास उरले. एक मुलगा उष्माघातानं मरता मरता वाचला. त्या वर्षी संघ दहापैकी नऊ सामने हरला, ब्रायंट यांच्या अडतीस हंगामांतला तो एकमेव असा हंगाम, ज्यात विजयांपेक्षा पराभव जास्त होते. दोन वर्षांनी, १९५६ साली, तोच संघ अपराजित राहून विभागात पहिला आला, आणि मग जंक्शनची गोष्ट वीरगाथा होऊन बसली. पुस्तकं निघाली, चित्रपट निघाला. मला ती वीरगाथा वाटत नाही. मुलांना पाणी नाकारणं हा क्रूरपणा आहे, आणि पुढचं यश त्याला न्याय्य ठरवत नाही. आपल्याकडेही ‘आमच्या वेळी मार खाऊनच आम्ही घडलो’ असं अभिमानानं सांगणारे प्रशिक्षक आहेत, म्हणून हे स्पष्ट बोलतो. निघून गेलेल्या साठ-पासष्ट मुलांमध्ये चांगले खेळाडू किती होते, हे कुणी मोजलेलं नाही.

इकडे अलाबामाची दशा झाली होती. १९५५ ते १९५७ या तीन हंगामांत संघ चार सामने जिंकला होता आणि चोवीस हरला होता. टस्कलूसाहून माणसं ब्रायंट यांच्याकडे आली. टेक्ससमध्ये त्यांचं बस्तान बसलं होतं, करार चालू होता. तरी ते निघाले. का, असं विचारल्यावर, आईनं हाक मारली की जावंच लागतं, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. ते उत्तर अलाबामात अजून घरोघर माहीत आहे.

तिथे परतल्यावर त्यांना जे मिळालं ते परक्याला कधीच मिळालं नसतं. अलाबामात ते ‘आपला मुलगा’ होते. त्यांनी काही तोडलं, कुणाला घरी पाठवलं, तर लोक म्हणणार, घरचाच माणूस आहे, त्याला माहीत आहे. ते क्रीडा संचालकही झाले, म्हणजे वर विचारणारं फारसं कुणी उरलं नाही.

पहिल्या वर्षी नव्यानं दाखल झालेल्या मुलांना त्यांनी सांगितलं की मी सांगतो तसं वागलात तर शेवटच्या वर्षी तुम्ही देशात पहिले असाल. १९६१ साली तसंच झालं. अकरा सामने, अकरा विजय, आणि पूर्ण हंगामात विरुद्ध संघांना मिळून फक्त २५ गुण. या मुलांत धिप्पाड फारसे कुणी नव्हते. ब्रायंट यांना हलकी, चपळ, न थांबणारी मुलं हवी असत. सरावाच्या मैदानावर त्यांनी एक उंच मनोरा उभारला होता. त्यावर उभं राहून ते सगळ्या मैदानावर नजर ठेवत. बहुतेक वेळ काही बोलत नसत. खाली शंभर मुलं चार ठिकाणी वेगवेगळं करत असत आणि प्रत्येकाला वाटे, त्यांचं लक्ष माझ्याकडेच आहे. ते शिडीनं खाली उतरू लागले की मैदानावरचा आवाज बंद पडत असे, असं त्यांचे खेळाडू म्हातारे होईपर्यंत सांगत राहिले.

त्या १९६१ च्या संघाचा क्वार्टरबॅक पॅट ट्रॅमेल. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात प्रत्येक डाव सुरू होतो तो. ट्रॅमेल सुंदर पळत नसे, सुंदर फेकतही नसे, जिंकत असे. पुढे तो डॉक्टर झाला. कर्करोगानं १९६८ च्या डिसेंबरात गेला तेव्हा तिशीही गाठली नव्हती. ब्रायंट यांनी तो आपल्या आयुष्यातला सर्वांत दुःखाचा दिवस म्हटला. जंक्शनचा माणूस आणि हा माणूस एकच, हे मला त्यांच्याबद्दल वाचताना पुन्हा पुन्हा ताडून पाहावं लागलं आहे.

त्यानंतर जो नेमथ आला. त्यांच्या हाताखाली खेळलेल्यांतला बहुधा सर्वांत देखण्या हाताचा फेकणारा. १९६३ च्या डिसेंबरात संघाचे नियम मोडल्याबद्दल ब्रायंट यांनी त्याला उरलेल्या दोन सामन्यांतून काढलं. पैकी दुसरा, १ जानेवारी १९६४ चा शुगर बोल, मिसिसिपीविरुद्धचा, वर्षातला सर्वांत मोठा सामना. नेमथशिवाय अलाबामाचा संघ एकही टचडाउन करू शकला नाही, पण लाथेनं मारलेल्या चार गोलांच्या जोरावर १२-७ असा जिंकला. पुढच्या हंगामात नेमथ परत आला, संघ देशात पहिला ठरला. पुढे न्यूयॉर्कमध्ये तो तारा झाला, तरी ब्रायंट यांच्याबद्दल आयुष्यभर आदरानंच बोलत राहिला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

११ जून १९६३ रोजी अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस टस्कलूसाच्या आवारातल्या फॉस्टर सभागृहाच्या दारात आडवे उभे राहिले. व्हिव्हियन मॅलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना नाव नोंदवायचं होतं. अध्यक्ष केनेडींनी राज्याचं सैन्यदल केंद्राच्या ताब्यात घेतलं तेव्हा वॉलेस बाजूला झाले आणि दोघं आत गेले. त्याच आवारात ब्रायंट यांचा संघ सराव करत होता. संपूर्ण गोरा. आणि तो पुढे आठ वर्षं गोराच राहिला.

१९६४ आणि १९६५ ची राष्ट्रीय विजेतेपदं त्याच गोऱ्या संघाची. १९६६ चा संघ अकराच्या अकरा सामने जिंकूनही राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या मतदानात तिसरा आला. त्याच्या वर असलेल्या दोन्ही संघांनी एक-एक सामना बरोबरीत सोडवला होता. अलाबामाचे चाहते आजही या अन्यायाबद्दल कळवळून बोलतात. देशातल्या मतदारांच्या मनात वॉलेसचा चेहरा होता, हे त्याचं एक कारण असावं, असं मला वाटतं. ज्या कृष्णवर्णीय मुलांना त्या संघात जागाच नव्हती त्यांच्यावरच्या अन्यायाबद्दल तितका कळवळा तेव्हा दिसला नाही.

या उशिराचं समर्थन करताना म्हणतात की राज्यच तसं होतं, एकटा माणूस काय करणार. पण अलाबामा ज्या विभागात खेळे, त्याच विभागात केंटकीनं १९६७ साली पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरवला. टेनेसीनं १९६८ साली. खुद्द अलाबामाच्या बास्केटबॉल संघात वेंडेल हडसन १९६९ साली आला, आणि त्या संघाचे प्रशिक्षक सी. एम. न्यूटन यांना ब्रायंट यांनीच, क्रीडा संचालक या नात्यानं, नेमलेलं होतं. त्याच वर्षी विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेनं फुटबॉल संघातल्या भेदभावाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. अलाबामात त्या काळी वॉलेस यांच्यासमोर उभं राहूनही लोकांचं प्रेम न गमावणारा माणूस असेल तर तो ब्रायंट हाच होता. त्यांनी १९६३ साली काही बोलून दाखवलं असतं तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. पण बोलण्याचा अधिकार त्यांनी कमावलेला होता, तो त्यांनी वापरला नाही. मातृसंस्थेनं दिलेलं प्रेम जपून ठेवण्यात माणूस गुंतला की हेच होतं.

१२ सप्टेंबर १९७०. बर्मिंगहॅमच्या लिजन फील्डवर कॅलिफोर्नियातल्या यूएससी विद्यापीठाचा संघ आला. त्यात सॅम कनिंगहॅम नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू. त्यानं त्या रात्री १३५ यार्ड कापले, दोन टचडाउन केले, आणि अलाबामा ४२-२१ असा हरला. त्या एका रात्रीत अलाबामाचे डोळे उघडले, ही कथा फार लोकप्रिय आहे. सामना संपल्यावर ब्रायंट यांनी कनिंगहॅमला आपल्या खेळाडूंसमोर उभं केलं असंही सांगतात, त्या बाबतीत तिथे असलेल्यांतही एकमत नाही. पण एक गोष्ट पक्की आहे. त्या रात्री प्रेक्षकांत विल्बर जॅक्सन बसलेला होता. अलाबामाच्याच ओझार्क गावचा, फुटबॉलची स्कॉलरशिप मिळालेला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून तो मैदानाबाहेर होता. म्हणजे निर्णय आधीच झाला होता. उशिरा का होईना, पराभवाच्या धक्क्यानं नव्हे, तर आधी झाला होता, हे ब्रायंट यांच्या बाजूनं नोंदवलंच पाहिजे.

मोबाइल शहरातला जॉन मिचेल अलाबामाच्या भूमीत वाढला, पण अलाबामानं त्याला विचारलं नव्हतं. तो अॅरिझोनातल्या एका छोट्या कॉलेजात खेळायला गेला आणि तिथून यूएससीला जाणार होता. यूएससीचे प्रशिक्षक जॉन मकाय ब्रायंट यांचे मित्र. तुमच्याच गावचा एक उत्तम मुलगा आमच्याकडे येतोय, असं ते बोलून गेले. ब्रायंट यांनी लगेच फोन फिरवले, मिचेलला आपल्याकडे आणलं.

१९७१ च्या उन्हाळ्यात त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि प्रशिक्षक म्हणून त्यांचं मोठेपण मला तिथे दिसतं. १९६९ आणि १९७० हे दोन्ही हंगाम सुमार गेले होते. ते म्हातारे झाले, असं लोक बोलू लागले होते. वय सत्तावन्न, पदरी तीन राष्ट्रीय विजेतेपदं. आणि या माणसानं आपली खेळायची सगळी पद्धत टाकून दिली. टेक्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांच्याकडून ते विशबोन नावाची रचना शिकून आले. क्वार्टरबॅकच्या मागे तीन धावणारे, एक मध्ये, दोन थोडे मागे बाजूंना. चेंडू हातात आला की क्वार्टरबॅक रेषेच्या कडेकडेनं धावतो. मधल्याला द्यावा, स्वतः घुसावं की बाहेरच्याकडे टाकावा, हे तो समोरच्या बचावपटूचं पाऊल बघून ठरवतो. त्याच्याकडे श्वासभराचा वेळ असतो. चढाईला गेलेला कबड्डीपटू जसा समोरच्या साखळीतला कुठला हात सुटतोय ते बघतो, तसंच ते. सराव कापडाच्या पडद्याआड चालला, पत्रकार आले की जुन्या पद्धतीनं खेळून दाखवायचं. १० सप्टेंबर १९७१ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याच यूएससीसमोर अलाबामा नव्या रचनेत उतरला आणि १७-१० असा जिंकला. मिचेल त्या रात्री अलाबामाकडून फुटबॉल सामन्यात उतरलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला.

पुढचं सगळं आकड्यांतच दिसतं. १९७० ते १९७९ या दहा वर्षांत १०३ विजय, १६ पराभव, एक बरोबरी. आणखी तीन राष्ट्रीय विजेतेपदं, एकूण सहा. त्यातला एक सामना जरा जवळून बघण्यासारखा आहे. १ जानेवारी १९७९, न्यू ऑर्लिन्स. समोरचा पेन स्टेट विद्यापीठाचा संघ सात गुणांनी मागे, पण अलाबामाच्या रेषेला अगदी भिडलेला. एका डावात पेन स्टेटच्या एकानं रेषेजवळ चेंडू झेलला, आणखी एक पाऊल टाकलं असतं तर टचडाउन. अॅटमोर गावचा कृष्णवर्णीय बचावपटू डॉन मकनील झेपावला आणि त्याला बाहेर ढकललं. पुढचा प्रयत्न मधूनच, तोही थांबला, रेषा काही इंचांवर. चौथ्या आणि अखेरच्या प्रयत्नात पेन स्टेटचा धावणारा ढिगाऱ्यावरून उडी मारायला गेला आणि हवेतच त्याला बॅरी क्राउस धडकला. टक्करीनं क्राउस काही क्षण जागचा हलू शकला नाही. चेंडू रेषेपलीकडे गेला नव्हता. अलाबामा १४-७. ज्या संघात दहा वर्षांपूर्वी मकनीलला जागा नसती, त्या संघाच्या इतिहासातला बहुधा सर्वांत आठवला जाणारा क्षण त्याच्या हातांशिवाय घडलाच नसता.

२८ नोव्हेंबर १९८१ ला ऑबर्नविरुद्ध २८-१७ असा विजय मिळवून त्यांनी ३१५ वा सामना जिंकला आणि आमोस अलोन्झो स्टॅग यांचा जुना विक्रम मागे टाकला. पुढच्या वर्षी पायाखालची जमीन सरकू लागली. घरच्या मैदानावरची ५७ सामन्यांची विजयमालिका तुटली, ऑबर्ननं दहा वर्षांनी हरवलं. डिसेंबरात त्यांनी निवृत्ती जाहीर केली. २९ डिसेंबर १९८२ ला मेम्फिसमध्ये इलिनॉयविरुद्ध अखेरचा सामना २१-१५ असा जिंकला. एकूण ३२३ विजय, त्यातले २३२ एकट्या अलाबामाचे. त्यानंतर चार आठवड्यांनी, २६ जानेवारी १९८३ ला, हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. टस्कलूसाहून बर्मिंगहॅमच्या एल्मवुड दफनभूमीकडे जाणाऱ्या महामार्गावर, प्रत्येक पुलावर, लाखो माणसं उभी होती. गोरी आणि काळी.

त्यांनी मागे काय ठेवलं, याचं उत्तर विजयांच्या आकड्यात शोधू नये असं मला वाटतं. त्यांनी एक स्कॉलरशिप सुरू केली होती: आपल्या हाताखाली अलाबामात खेळलेल्या खेळाडूंच्या मुलामुलींना त्याच विद्यापीठात शिकायला मदत. ती त्यांच्या मृत्यूनंतरही चालू राहिली. मुलं फुटबॉल खेळतात की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. जंक्शनच्या पस्तीसांतला एक, जीन स्टॉलिंग्ज, १९९० साली अलाबामाचा प्रशिक्षक होऊन आला आणि १९९२ साली त्यानं विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. त्याच्या हाताखालच्या मुलांना सरावात पाणी मिळत होतं.

आणि जॉन मिचेल. ज्याला त्याच्याच राज्याच्या विद्यापीठानं सुरुवातीला विचारलं नव्हतं, तो १९७२ साली अलाबामाचा पहिला कृष्णवर्णीय सहकप्तान झाला. पुढच्याच वर्षी, शिक्षण संपल्या संपल्या, ब्रायंट यांनी त्याला आपल्या सहायक प्रशिक्षकांत घेतलं. तिथला तो पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक. पुढे १९९४ पासून जवळजवळ तीस वर्षं पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक संघात तो खेळाडू घडवत राहिला.